तिघांपैकी परत कोण येतंय?

पत्र आलंय जर्मनीतून, श्टुटगार्टहून. लिहिणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, मूळचे कोथरूडचे, मेकॅनिकल इंजिनियर, आईवडिलांना एकुलते एक. लग्नानंतर सात-आठ महिन्यांतच, २०१५ मध्ये, नवराबायको तिकडे गेले, "दोन-तीन वर्षं राहून येऊ" असं घरी सांगून. बायको नाशिकची, डेंटिस्ट. मुलगी तिथेच जन्मलेली, आठ वर्षांची, तिसरीत. बाबा ७५ वर्षांचे, मागच्या दिवाळीत बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मुलगा विमानाने पोचेपर्यंत ते आयसीयूतून बाहेरही आले होते. आई ७०. सोसायटी जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे, बदली द्यायला तयार आहेत पण इथल्या पगारावर, जो युरोत मोजला तर निम्मा होतो. जर्मनीचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आहे, पासपोर्ट अजून भारतीयच. ते लिहितात, "आईबाबा तोंडाने म्हणत नाहीत पण वाट बघतायत. मला परत यायचंय. बायको म्हणते तू ठरव. मुलगी लहान आहे, अॅडजस्ट होईल. काकू, आत्ता नाही आलो तर कधीच येणार नाही असं वाटतं. काय करू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आई म्हणून वाचलं, कारण माझा मुलगा मेलबर्नला असतो आणि तुझ्याच वयाचा आहे, म्हणून तर सरळ अरेतुरेवर आलेय, राग मानू नकोस. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ओळी मोजल्या, खरंच मोजल्या. आईबाबांवर तू जवळजवळ दोन पानं लिहिलीयस, ऑफिसवर एक, रिडेव्हलपमेंटवर अर्धं, आणि त्याला मी दोष देणार नाही, हल्ली कोथरूडात कुणीही भेटलं की पाचव्या मिनिटाला तोच विषय निघतो. मुलीवर दोन ओळी. बायकोवर एक.

म्हणून मी तिच्यापासून सुरू करते.

ती डेंटिस्ट आहे आणि "तिलाही आता दोन वर्षांपासून नोकरी आहे" एवढं तू जाता जाता लिहिलंयस. बाबा रे, इथल्या बीडीएसवर तिथे उद्या उठून कुणी दात काढायला बसू शकत नाही. आधी भाषा, मग डॉक्टरी भाषेची वेगळी परीक्षा, मग आपली पदवी त्यांच्या तोडीची आहे का याची कागदोपत्री छाननी, त्यात कमी पडलं की पुन्हा विषयाची परीक्षा, तेव्हा कुठे ते अप्रोबात्सियोन, म्हणजे प्रॅक्टिसचा परवाना, हातात पडतं. म्हणजे त्या नोकरीच्या आधीची सात-आठ वर्षं ती काय करत होती? तुझी नोकरी सांभाळत, मूल सांभाळत, रात्री दाढेच्या मुळांची जर्मन नावं पाठ करत होती. हे तुला माहीत नाही असं नाही, तू बघितलंयस, पण परत यायचा हिशोब मांडताना ते कुठल्याच रकान्यात आलं नाही.

आता ती इथे आली तर काय होईल ते बघ. पुण्यात डेंटिस्टला तोटा नाही, आमच्या घराजवळच्या चौकात तीन पाट्या आहेत, त्यातली एक ब्यूटी पार्लरच्या वर. स्वतःचं क्लिनिक काढायचं म्हटलं की जागा, खुर्ची, एक्सरे, सगळं भांडवल घालून पेशंटची वाट बघत बसायचं, नाहीतर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्केवारीवर जायचं, तेही आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरापोरींबरोबर. जमेल, न जमायला काय झालं, नेटाची दिसतेय ती. पण याला परत येणं म्हणत नाहीत, ही तिच्यासाठी तिसरी सुरुवात आहे, नाशिक झालं, श्टुटगार्ट झालं, आता कोथरूड. पुण्यात ती राहिलीय किती, तर सात-आठ महिने, तेही नवी सून म्हणून!

मुलीचंही तेच. ती पुण्यात चार आठवडे राहिलीय, दर वेळी डिसेंबरात, आजी श्रीखंड खायला घालतेय आणि आजोबा रोज संध्याकाळी काहीतरी आणतायत अशा अवस्थेत. तिचं पुणं ते आहे.

म्हणजे तुम्ही तिघं विमानात बसाल, त्यातला परत येणारा माणूस एकच. बाकीच्या दोघी परदेशी निघाल्यात. तू दहा वर्षांपूर्वी गेलास तेव्हा काय काय केलं होतंस आठव, घर कुठे मिळेल, भाषेचं काय, ओळखीचं कोण आहे, किती महिन्यांचे पैसे हाताशी हवेत, सगळ्याची वही केली होतीस की नाही? या दोघींसाठी तशी वही कुणी केली नाहीये, कारण "घरीच तर जायचंय" असं तू धरून चाललायस.

आणि ते "तू ठरव". आपल्याकडच्या घरांत बाईने तू ठरव म्हटलं की त्याचा अर्थ होकार असा नव्हे, बऱ्याचदा अर्थ असा की मला विचारून उपयोग नाही हे मला कळलंय. तुझ्या बाजूने तू काय मांडलंस, तर पडलेले बाबा, थकलेली आई. हे हुकमाचं पान आहे रे. ते टाकल्यावर समोरच्याच्या हातात खेळायला काही राहतच नाही, माझी नोकरी असं ती म्हणाली तर लगेच सासू-सासऱ्यांच्या जिवावर उठलेली सून होणार ती. म्हणून गप्प बसलीय.

आता आईबाबांकडे येऊ.

"वाट बघतायत" हे तू कशावरून ठरवलंस? त्यांनी म्हटलेलं नाही असं तूच लिहितोस. मी तुला आमच्या बाजूचं एक गुपित सांगते. फोनवर सगळं छान आहे हे आम्ही ठरवून सांगतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मुलाला मी आठ दिवसांनी सांगितलं, तो चिडला, मी म्हटलं तू काय करणार होतास, डोळा धरून बसणार होतास? पण खरं सांगू, त्याने सगळं सोडून इकडे यावं असं माझ्या मनात होतं का, तर नव्हतं. त्याने त्या आठवड्यात रोज दहा मिनिटं बोलावं असं मात्र होतं. आमच्यातल्या काहींना मुलं परत हवी असतात, काहींना मुळीच नको असतात, आता आपल्या घरात आपल्या पद्धतीने चार भांडी लावून बसलोय, त्यात पुन्हा नातवंडांचं टाइमटेबल आणि सुनेचं स्वयंपाकघर कोण घेणार, असंही असतं, फक्त ते आम्ही बोलत नाही कारण ऐकायला बरं दिसत नाही. तुझ्या आईबाबांचं यातलं काय आहे हे मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाहीये.

तेव्हा विचार. पण "येऊ का परत?" असं नको विचारूस, त्याला उत्तर एकच येणार, तुमच्या मनाने करा बाबा. आईला वेगळं गाठ, बाबांना वेगळं, आणि लहान लहान विचार. रात्री भीती वाटते का. दवाखान्यात जायला कोण बरोबर येतं. मागच्या महिन्यात कुठली गोष्ट अडली. यातून यादी निघेल, आणि ती यादी तुझ्या परत येण्यापेक्षा बरीच लहान असेल असा माझा अंदाज आहे.

तू बाणेरला किंवा वाकडला राहत असतास तर बाबा पडले नसते का? सकाळी अकराला तू हिंजवडीत मीटिंगमध्ये असतास. तू पोचला असतास त्याच दिवशी, हे खरं, आणि तो एक दिवस मोठा असतो, तो मी कमी लेखत नाही, लेकराला बघितलं की माणसाला धीर येतो. पण बाथरूममध्ये धरायला दांडी, न घसरणारी फरशी, रात्रभर जळणारा दिवा, कमोडची उंची, रोज तासभर येणारा फिजिओ, सकाळ-संध्याकाळ एक माणूस, हाकेला येणारा जवळचा डॉक्टर, ही कामं श्टुटगार्टहून पण होतात आणि हिंजवडीहून पण राहून जातात. इथे राहणाऱ्या मुलांच्या घरात राहून गेलेली मी पाहिलीयत.

आणि एक मोठी गोष्ट तुझ्या समोर आहे, ती तू अर्ध्या पानात त्रासासारखी लिहून टाकलीस. रिडेव्हलपमेंट. बाबांचं पडणं होऊन गेलं, पण ७५ आणि ७० वर्षांच्या माणसांना चाळीस वर्षांचं घर रिकामं करून दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जायचंय, हे व्हायचंय अजून. माळ्यावरची पिंपं, आईचं देवघर, बाबांच्या फायली, कुठलं ठेवायचं आणि कुठलं भंगारात. तिथे त्यांना तू लागणार आहेस, जन्मभरासाठी नाही, पण ते दोन-तीन महिने नक्की. तेव्हा ये. रजा टाक, बिनपगारी टाक, पुण्याच्या ऑफिसातून काम करतो म्हण. भाड्याचं घर त्याच भागात बघ, लिफ्टचं किंवा तळमजल्याचं, म्हणजे त्यांचा दूधवाला, केमिस्ट आणि बाबांचा संध्याकाळचा कट्टा सुटणार नाही. बिल्डर देईल त्या भाड्यात स्वस्त म्हणून त्यांना नऱ्ह्याला किंवा वाघोलीला टाकू नकोस, दोन पैसे वर घाल पण ओळखीच्या रस्त्यावर ठेव. करार रजिस्टर झालाय का, बँक गॅरंटी आहे का, भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार, महारेराची नोंदणी कुठवर आलीय, हे एका चांगल्या वकिलाकडून वाचून घे, सोसायटीच्या चेअरमनच्या शब्दावर जाऊ नकोस, ते भले असतात पण त्यांनाही पहिल्यांदाच करायचं असतं. त्याच खेपेत मृत्युपत्र आणि नॉमिनेशनचं बोलून घे. अवघड वाटतं. आमच्या बाजूने उलट सुटल्यासारखं वाटतं, कुणीतरी काढला एकदाचा विषय.

शिवाय बाबांची मेडिक्लेमची पॉलिसी आहे ना? नसेल तर आज बघ. २०२४ पासून नियम बदललेत, ६५ च्या पुढे पॉलिसी देणारच नाही असं कंपन्यांना सरसकट म्हणता येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झालाय. हप्ता दणकून असेल. आणि तुम्ही तिघं खरंच येणार असाल तर स्वतःचीही आधीच सुरू करा, तिकडचं विम्याचं कार्ड इथे कामाचं नाही.

आता त्या "आत्ता नाही तर कधीच नाही" कडे. ही घाई कुठून आलीय? मला वाटतं बाबांचं पडणं हे अर्धंच कारण आहे, दुसरं अर्धं मुलीची चौथी आहे. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात, कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, आणि कोण रिआलशूलेला, म्हणजे मधल्या फळीच्या शाळेत, आणि चौथीच्या मध्यावर शाळेची शिफारस हातात येते. त्याआधी उचललं तर बरं असं तुला वाटतंय, आणि त्यात तथ्य आहे. आठव्या-नवव्या वर्षी मूल हलवणं तेराव्यापेक्षा सोपं, एवढं खरं. पण सोपं म्हणजे आपोआप नाही. ती घरी मराठी बोलते पण देवनागरी वाचत नाही असं तू लिहितोस. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, शिवाय बहुतेक शाळांत हिंदी, शिवाय इंग्रजी शाळेत घातलं तर सगळे विषय इंग्रजीतून, आणि वर्गात चाळीसेक मुलं. आजपासून रोज वीस मिनिटं बाराखडी, यायचं ठरो न ठरो, आजीला पत्र लिहायला तरी होईल. आकड्यांत तिला एक फायदा आहे बघ, जर्मनही आपल्यासारखंच एक आधी आणि वीस नंतर म्हणतात, पंचवीस-छत्तीस तिला इंग्रजी शाळेतल्या पोरांपेक्षा लवकर येईल. आणि जर्मन टिकवायची सोय पुण्याइतकी दुसरीकडे क्वचित मिळेल, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुढे ती तिथे जाऊ शकेल, आत्ता घरी तिच्याशी कोण बोलणार ते बघा. बाकी तिला विचार. मत द्यायला नाही, पण कशाची भीती वाटते ते सांगायला आठ वर्षं पुरेशी असतात.

कागदांचं थोडं लिहिते, कारण अशी पत्रं फक्त तुझीच येतात असं नाही आणि याच जागी माणसं फसतात. "एक वर्ष राहून बघू, नाही जमलं तर जाऊ परत" असं सगळे म्हणतात. साधा जर्मन पीआर सहा महिने देशाबाहेर राहिलं की सहसा आपोआप जातो, कुणी पत्र पाठवून कळवत नाही. युरोपियन युनियनचा दीर्घकालीन परवाना म्हणून दुसरा प्रकार असतो, त्याला युनियनबाहेर बारा महिने चालतात आणि आधी ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, असलेल्यांना त्याहूनही जास्त. तुमच्याकडे नेमका कुठला आहे तो कार्डावर वाच, बदलून घेता येत असेल तर निघण्याआधी घे, आणि ठरावीक काळासाठी जायचं असेल तर तिथल्या परदेशी लोकांच्या कचेरीतून मुदत लेखी वाढवून घे, लेखी हं, काउंटरवरचं तोंडी नको. हे झालं की तुझं "कधीच नाही" बरंचसं विरघळेल.

दुसरा रस्ता जर्मन पासपोर्टचा. जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि जर्मनी आता जुना पासपोर्ट सोडायला लावत नाही. पण भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, घ्यावं लागतं. ओसीआयवर इथे राहता येतं, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो, मतदान नाही करता येत, शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे मुळशीत आंब्याची चार झाडं लावायचं स्वप्न असेल तर ते गेलं. तुम्हा दोघांना हे चालून जाईल. मुलीचं मात्र थांबून बघ. मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून प्रवेश घेताना ओसीआय मुलांना एनआरआय किंवा जादाच्या जागांवरच दावा सांगता येतो, फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर नाही. म्हणजे पुण्यात दहा वर्षं शिकलेली मुलगी अठराव्या वर्षी एनआरआयच्या फीच्या रांगेत! तिच्या डोक्यात डॉक्टर व्हायचं आहे की घोडे पाळायचे आहेत हे आठव्या वर्षी कुणाला माहीत, पण पासपोर्ट बदलताना हे माहीत असावं.

पैशाचं. पाच वर्षांच्या वर तिथे पेन्शनचे हप्ते भरलेत म्हणजे ६७ व्या वर्षी तुला जर्मन पेन्शन मिळू शकते, ती भारतातही येते, तेव्हा हप्त्यांचा सगळा उतारा मागवून फायलीला लाव. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं टॅक्सवाले तुला निवासी धरतील पण पूर्ण निवासी नाही, आरएनओआर म्हणतात त्याला, आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या आत असले की तो दर्जा मिळतो, आणि तेवढा काळ तिकडच्या उत्पन्नावर इथे सहसा टॅक्स लागत नाही. तिकडचे शेअर, फंड वगैरे आवरायचं ते त्याच काळात आवर, पण तिकडचा टॅक्स तिकडे लागेल तो वेगळा. पुढे तिकडची प्रत्येक खात्यातली शिल्लक इथल्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते, विसरलं की दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं बँक खातंही आल्यावर साधं करून घ्यायचं असतं, मग त्याच्या व्याजाची करमाफी संपते. टॅक्सवाला सीए तुला सांगेल की ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर उतर, म्हणजे त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भरत नाहीत आणि तू अनिवासीच राहतोस. शाळा म्हणेल जूनमध्ये ये. शाळेचं ऐक.

पगार निम्मा होतो म्हणून मात्र घाबरू नकोस, इथे तेवढ्यात तिघं नीट राहतात, स्वयंपाकाला बाई, गाडी, सगळं होऊन. फक्त तिकडे जे फुकट किंवा स्वस्त होतं, शाळा, दवाखाना, बागा, स्वच्छ हवा, त्याला इथे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि हवेला तर मोजूनही मिळत नाही.

तू सोडून गेलास ते पुणं आता नाहीये, हे तुला डिसेंबरात कळत नाही. डिसेंबरात सवाई असतं, हुरडा असतो, सकाळी वेताळ टेकडीवर धुकं असतं, त्या दिवसांत मलासुद्धा पुणं आवडतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, पाणी सगळीकडे आलंच असं नाही. नव्या सोसायट्यांत चकाचक लॉबी आणि खाली टँकर उभा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद जाते त्या नसांच्या आजाराची, साथ आली, संशय पाण्यावरच होता, तेव्हा आम्ही सगळेच उकळून पीत होतो. मेट्रो आली, वनाजहून बसलं की गारवा खात रामवाडीपर्यंत जाता येतं, ती मला फार आवडते, पण तुझं ऑफिस हिंजवडीला. चांदणी चौकातला जुना पूल पाडला, नवा झाला, आणि ट्रॅफिक जाम फक्त पुढच्या सिग्नलला सरकला.

म्हणून डिसेंबरची तिकिटं काढू नकोस. तुमच्याकडे शाळेची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते ना, त्या सहा आठवड्यांत या, आणि आईकडे उतरू नका. हे ऐकून आई रुसेल, तिला सांग काकूंनी सांगितलंय. जिथे राहायचा विचार आहे तिथे तेवढ्यापुरता फ्लॅट भाड्याने घ्या, आणि पावसाळ्यात राहा. तू रोज सकाळी साडेआठला हिंजवडीला जा आणि सातला परत ये. बायकोला चार क्लिनिकमध्ये जाऊन बसू दे, तिच्या बॅचच्या मैत्रिणींना भेटू दे, ज्यांची प्रॅक्टिस चालते त्यांना आणि ज्यांनी सोडली त्यांनाही. मुलीला दोन-तीन शाळा दाखवा, जवळच्या मुलांबरोबर खाली खेळायला सोडा. आईबाबांकडे शनिवारी जा, इथे राहायला आलात तर जसे जाल तसे. पाहुणे म्हणून नाही. कपडे वाळत नाहीत, लाइट जातात, वॉचमन सुट्टीवर आहे, असे सहा आठवडे काढून तिघांना जे वाटेल ते खरं धर.

आमच्या ओळखीत दोन घरं आली. एक न्यू जर्सीहून आलं, येण्याआधीच फोटो बघून बाणेरला मोठा फ्लॅट घेतला, दीड वर्षात परत गेलं, फ्लॅट अजून भाड्याने आहे. दुसरे हॉलंडहून आले, आधी शाळेजवळ दोन वर्षं भाड्याने राहिले, आणि महत्त्वाचं म्हणजे यायचा हट्ट त्यांच्यात बायकोचा होता. ते आहेत अजून, कुरकुर करतात, पण आहेत.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. "मला परत यायचंय." तीन शब्द, आणि लगेच तू आईबाबांच्या मागे जाऊन उभा राहिलास. का रे? तुला यायचं असेल, आईबाबांसाठी नाही, स्वतःसाठी, तर तसं म्हणावं माणसाने. दर थोड्या आठवड्यांनी दारावर केरवोखंची, म्हणजे झाडलोटीच्या पाळीची, पाटी लागते आणि आपण जिना झाडतो, शेजारीण वाकून कोपरे तपासते, दहा वर्षं झाली तरी विनोद कळायला अर्धा सेकंद जास्त लागतो, याचा कंटाळा येऊ शकतो. आपल्या भाषेत भांडायची हौस असू शकते. रिक्षावाल्याशी का होईना. ही कारणं लहान नाहीत. फक्त ती तुझी इच्छा आहे, आणि बायकोची तिथे राहायची असेल तर तीही तेवढीच इच्छा आहे, मग दोघांना समोरासमोर बसून बोलता येईल, कुणाच्या हातात हुकूम नसताना.

तेव्हा एक प्रश्न तुला, आईच्या वयाची आहे म्हणून विचारते, दुसऱ्या कुणी विचारला तर अशुभ वाटेल. आम्ही नसू, दहा-पंधरा वर्षांनी म्हण, तेव्हाही तुला पुण्यात राहायचंय का? हो असेल तर ये, पुढच्या जूनमध्ये नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. त्या वेळी मुलगी पाचवीत असो की सहावीत, फार बिघडत नाही. नाही असेल, किंवा उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर आमच्यासाठी येऊ नकोस. वर्षातून दोनदा ये, एकदा एकटा, आईच्या स्वयंपाकघरात दोन-तीन आठवडे काहीच न करता बस.

माझं हे उत्तर बायकोला दाखवायच्या आधी एक कर. तू मला पाठवलेलं पत्र तिला वाचायला दे, जसंच्या तसं, एक शब्द न बदलता. तिची ओळ तिसऱ्या पानावर आहे. वाचून झाल्यावर ती काय म्हणते ते मला कळव, किंवा तिलाच लिहू दे.